‘लॅरिंगोसील’ला मराठीत काय म्हणावं?

नागपूरच्या महालमधून एका ताईंनी विचारलंय: सनई वाजवणाऱ्या मोठेबाबांच्या रिपोर्टवर ‘लॅरिंगोसील’ असं आलं आहे. घरात कोणी त्याला ‘वाताची गाठ’ म्हणतं, कोणी ‘गळ्याचा हर्निया’. यातलं बरोबर कोणतं?

ताई, ‘वाताची गाठ’ आधी सोडा. आपल्याकडे वात म्हटला की टोंगळे दुखणं आठवतं आणि शेक सुरू होतो. इथे मात्र आहे ती नुसती श्वासाची हवा. ‘गाठ’ही नको. गाठ म्हणजे भरीव काहीतरी, आणि हा शब्द ऐकताच घरातल्यांच्या पोटात गोळा येतो.

स्वरयंत्रात खऱ्या आणि खोट्या स्वरपट्ट्यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना एकेक खोलगट फट असते. तिच्या पुढच्या टोकाशी एक लहानशी पिशवी असते. ती आपल्या सगळ्यांनाच असते, पण काहींची ताणून मोठी होते आणि हवेने भरते, तीच लॅरिंगोसील. ती आतल्या आत राहिली तर आवाज घोगरा होतो, घशात काही अडकल्यासारखं वाटतं. गळ्यातल्या हायॉइड नावाच्या हाडाखालच्या पडद्यातून बाहेर आली तर मानेच्या बाजूला फुगते. नाक-तोंड दाबून जोर केला की ती वाढते, बोटाने दाबली की कधी कधी सूं करत रिकामी होते.

म्हणजे तिचं तोंड उघडं असतं. म्हणून नावातलं ‘सील’ हे दुकानाला ठोकतात ते सील समजू नका. ते ग्रीक ‘केले’वरून आलं, अर्थ फुगवटा किंवा हर्निया. ‘हायड्रोसील’मध्येही तेच आहे. हे नाव जर्मन डॉक्टर विर्खोनं 1867 मध्ये दिलं. त्याआधी नेपोलियनचा शल्यचिकित्सक लारे यानं इजिप्तमध्ये मनोऱ्यावरून बांग देणाऱ्यांच्या मानेवर असे फुगवटे पाहिले होते आणि 1829 मध्ये त्याबद्दल लिहिलं. फुंकवाद्य वाजवणाऱ्यांशीही हा आजार जोडला जातो, पण सनईमुळेच झाला असं धरू नका. कधी सनई हातात न घेतलेल्यांनाही तो होतो.

तेव्हा ‘हर्निया’ म्हणणारे मुळाच्या जवळ आहेत, पण मराठी कानाला हर्निया जांघेतलाच वाटतो. ‘वायुकोश’ छान शब्द आहे, पण तो शाळेपासून फुप्फुसाला दिलेला. मी सरळ ‘स्वरयंत्रातला हवेचा फुगवटा’ म्हणेन. लांब आहे, पण जागा आणि आतला ऐवज दोन्ही सांगतो. कागदावर मूळ नाव राहू द्या, पुढच्या डॉक्टरला तेच लागेल.

शब्द सौम्य झाला म्हणून तपासणी सौम्य करू नका. नाकातून दुर्बीण घालून पाहतात आणि मानेचा सीटी स्कॅन करतात. पिशवीच्या तोंडाशी एखादा कॅन्सर लपून हवा अडवत नाही ना, हे मोठ्या माणसात पाहावंच लागतं. फुगवटा लहान असेल, त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. आतला असेल तर तोंडावाटे लेझरने काढतात, बाहेर आलेल्यासाठी बहुधा मानेवर छेद घ्यावा लागतो.

आत पू झाला तर मात्र त्याला हवेचा फुगवटा म्हणता येणार नाही, तेव्हा रिपोर्टवर ‘लॅरिंगोपायोसील’ येतं. ताप, मानेला ठणका आणि श्वास घेताना घरघर असं एकत्र दिसलं तर रात्र असो की दिवस, मोठेबाबांना मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथे लगेच न्या.