कोविडच्या काळात आइस हॉकीच्या टीमने अख्खा सीझन कसा काय खेळला? आणि रिकाम्या स्टेडियममध्ये खेळून मजा तरी काय येत असेल?

बाकीच्या टीमांचं मी फारसं सांगू शकणार नाही, पण कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराच्या टीमचा, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा, २०२०-२१ चा सीझन मी जवळजवळ सगळा बघितलाय, तोही हौस म्हणून नाही, तर दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून. मी मूळचा सांगलीचा, नोकरीमुळे मॉन्ट्रियलला. तोपर्यंत मला आइस हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, ती काळी रबराची चकती, म्हणजे पक, टीव्हीवर दिसायचीसुद्धा नाही मला.

झालं काय, ९ जानेवारी २०२१ पासून क्यूबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे तिथे, कर्फ्यू लागला. रात्री आठ ते पहाटे पाच. बाहेर दिसलात तर हजार डॉलरपासून पुढे दंड. आणि १३ जानेवारीला एनएचएलचा, म्हणजे कॅनडा-अमेरिकेच्या आइस हॉकी लीगचा, सीझन सुरू झाला, संध्याकाळी सातच्या मॅचेस. म्हणजे आठला दार बंद आणि टीव्हीवर मॅचच्या तीन भागांपैकी पहिला, म्हणजे पहिला पिरियड, संपलेला. बाहेर उणे पंधरा-वीस, रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझ्यासारख्या कितीतरी लोकांना त्या हिवाळ्यात हॉकी चिकटली असणार.

आता सीझन कसा खेळला ते. खरी अडचण बॉर्डरची होती. एनएचएलमध्ये तेव्हा ३१ टीम्स, त्यातल्या सात कॅनडातल्या आणि बाकी अमेरिकेतल्या. एरवी आज बॉस्टन, परवा टोरंटो असं चालतं. पण तेव्हा कॅनडात शिरलं की १४ दिवस क्वारंटाइन, मग मॅच खेळणार कधी? टोरंटोची बास्केटबॉल टीम तर बिचारी तो अख्खा सीझन फ्लोरिडात जाऊन ‘घरच्या’ मॅचेस खेळली. हॉकीवाल्यांनी वेगळी शक्कल लढवली, सातही कॅनेडियन टीम्सचा एक वेगळा गट केला, नॉर्थ डिव्हिजन, आणि सांगितलं की तुम्ही आपापसातच खेळा. ८२ ऐवजी ५६ मॅचेस. मॉन्ट्रियलच्या वाट्याला टोरंटो आणि ओटावा दहा-दहा वेळा, आणि विनिपेग, एडमंटन, कॅल्गरी, व्हॅन्कुव्हर प्रत्येकी नऊ वेळा. तीच तोंडं परत परत. तिसऱ्या-चौथ्या मॅचपर्यंत कोण कोणावर खार खाऊन आहे हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळायला लागलं, म्हणून नवशिक्यासाठी हा सीझन बेस्ट होता असं मी अजून म्हणतो.

रिकाम्या स्टेडियमचं म्हणाल तर, मॉन्ट्रियलच्या घरच्या स्टेडियममध्ये, बेल सेंटरमध्ये, एकवीस हजार लोक बसतात आणि तिथे शून्य. टीव्हीवर गर्दीचा रेकॉर्ड केलेला आवाज सोडायचे, तो मला लग्नातल्या कॅसेटवरच्या सनईसारखा वाटायचा, चालूय म्हणून चालूय. पण त्याच्याखालून स्केट्सचा कर्रर्र आवाज, काठीवर पक आपटल्याचा आवाज, खेळाडूंची ओरडाआरड ऐकू यायची. मला तेच आवडायला लागलं खरं तर.

टीम कशी होती? सुरुवात झकास, पहिल्या दहा मॅचेसमध्ये सात विजय. मग घसरगुंडी, आणि २४ फेब्रुवारीला कोच क्लोड ज्युलियन यांना काढलं, तेव्हा रेकॉर्ड १८ मॅचेसमध्ये ९ विजय असा होता, म्हणजे फार वाईट नव्हता हो, पण मॉन्ट्रियलमध्ये हॉकीच्या कोचला तेवढी मुदत कोणी देत नाही. असिस्टंट डॉमिनिक ड्युशार्म यांना बसवलं तिथे. मार्चच्या शेवटी दोन खेळाडू कोविड प्रोटोकॉलमध्ये गेले आणि आठवडाभर सगळं बंद. व्हॅन्कुव्हरची अवस्था त्याहून वाईट झाली, त्यांची जवळजवळ अख्खी टीम आजारी पडली. आणि मग त्या बंद आठवड्याची वसुली! मॉन्ट्रियलला उरलेल्या २५ मॅचेस ४३ दिवसांत खेळायच्या होत्या. सराव बंद, नुसतं विमान-हॉटेल-मॅच, नाकात रोज ती काडी. गोलकीपर कॅरी प्राइस आणि कॅप्टन शे वेबर दोघंही जखमी होऊन बाहेर बसले.

शेवटी ५६ पैकी २४ जिंकल्या, ५९ पॉइंट्स (जिंकलं की दोन, जादा वेळेत म्हणजे ओव्हरटाइममध्ये हरलं तरी एक), गटात चौथा नंबर. प्रत्येक गटातले पहिले चार प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, जायचे. आता गंमत बघा, अमेरिकेतल्या गटांत न्यूयॉर्क रेंजर्स आणि डॅलस यांना ६०-६० पॉइंट्स होते आणि ते प्लेऑफच्या बाहेर, आणि आम्ही ५९ वर आत. गट वेगळा केला म्हणूनच. त्यामुळे ‘नशिबाने आत आले’ असं कोणी म्हणालं तर मी भांडत नाही. पण पुढचं नशिबाने झालं म्हणालात तर भांडेन.

पहिली सिरीज टोरंटोशी. बेस्ट ऑफ सेव्हन, म्हणजे जो आधी चार मॅचेस जिंकेल तो पुढे. टोरंटो गटात पहिले, आपण चौथे, आणि चार मॅचेसनंतर ३-१ ने मागे. ऑफिसमधले लोक पुढच्या वर्षीच्या गप्पा मारायला लागले होते. पाचवी ओव्हरटाइममध्ये जिंकलो, निक सुझुकीचा गोल. सहावी मॅच २९ मेला मॉन्ट्रियलमध्ये, आणि आदल्या दिवशीच कर्फ्यू उठला होता! स्टेडियममध्ये २५०० लोकांना परवानगी, त्या सीझनमध्ये कॅनडात पहिल्यांदाच. एकवीस हजारांच्या जागेत अडीच हजार म्हणजे दाताच्या कवळीत दोन दात, पण त्यांनी जो आवाज केला ना, टीव्हीवर लगेच कळलं की हा रेकॉर्ड केलेला नाही. मी एकटाच घरात उभा राहिलो होतो, का ते विचारू नका. ती मॅचही ओव्हरटाइममध्ये काढली आणि सातवी टोरंटोत जाऊन ३-१. तिथे प्रेक्षक म्हणून लस घेतलेले ५५० आरोग्य कर्मचारी बसवले होते. टोरंटोवाल्यांना अजून चिडवतात त्यावरून.

मग दुसऱ्या सिरीजमध्ये विनिपेगला सरळ ४-० आणि पुढे पेच. समोर लास व्हेगास, म्हणजे बॉर्डर ओलांडणं आलं. सरकारने खास सूट दिली, खासगी विमान, हॉटेल ते स्टेडियम एवढंच, रोज टेस्ट. एवढं करून मधेच कोच ड्युशार्म पॉझिटिव्ह! १४ दिवस बाहेर, बेंचवर असिस्टंट ल्यूक रिचर्डसन. तरी २४ जूनला, म्हणजे क्यूबेकच्या सणाच्या दिवशी, सेंट-जाँ-बाप्तिस्तला, आर्तुरी लेहकोनेनने ओव्हरटाइममध्ये गोल मारला आणि १९९३ नंतर पहिल्यांदा मॉन्ट्रियल फायनलमध्ये. आत ३५०० लोक मोजून-मापून, आणि बाहेर रस्त्यावर हजारो लोक खेटून उभे, शेवटी पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. आत डिस्टन्सिंग, बाहेर पंढरीची वारी. क्लबने फायनलला दहा-साडेदहा हजार लोक मागितले होते, सरकारने ३५०० च्या वर दिले नाहीत, तिकडे फायनलमधल्या समोरच्या टीमच्या शहरात, फ्लोरिडातल्या टॅम्पात, मात्र अठरा हजारांच्या आसपास लोक.

फायनल थोडक्यात सांगतो कारण सांगण्यासारखं फार नाही. टॅम्पा बे आदल्या वर्षीचे चॅम्पियन, ४-१ ने हरवलं त्यांनी. मॉन्ट्रियलमध्ये १ जुलैला अर्धं शहर घर बदलतं, मीही बदललं, दुसऱ्या दिवशी तिसरी मॅच मी खोक्यांवर बसून बघितली आणि ६-३ हरलो. चौथी ओव्हरटाइममध्ये जॉश अँडरसनने काढून दिली, पाचवी १-० गेली.

नशीब नाही असं मी का म्हणतो? प्राइस. सीझनमध्ये साधारणच खेळला, पण प्लेऑफमध्ये परत आल्यावर भिंत. आणि वेबरसकट चार धिप्पाड अनुभवी डिफेंडर्स, समोरच्याला गोलजवळ उभंच राहू द्यायचे नाहीत. पण त्याची किंमतही मोजली. वेबर त्या फायनलनंतर एनएचएलमध्ये परत एकही मॅच खेळला नाही, प्राइसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि पुढच्या सीझनमध्ये (तोवर लीगमध्ये एक टीम वाढली होती) टीम ३२ पैकी ३२ वी.

माझं म्हणाल तर मी आयुष्यातलं पहिलं तिकीट काढलं १६ डिसेंबर २०२१ चं, फिलाडेल्फियाविरुद्ध. ओमिक्रॉनची लाट आली होती. ऑफिसातून निघायच्या बेतात होतो, लाल टोपी बॅगेत, तेवढ्यात बातमी, आजची मॅच प्रेक्षकांविना. घरी आलो, खिचडी टाकली, टीव्ही लावला. परत तेच रिकामं स्टेडियम. आणि आधी लागोपाठ हरत आलेली आमची टीम नेमकी त्या रात्री जिंकली.