वार (प्लासेंटा) खाली असली म्हणजे सिझेरियन ठरलेलेच का?

प्रश्न : माझी पहिली प्रसूती बाळ पायाळू असल्यामुळे सिझेरियनने झाली. या वेळी 20व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ‘वार खाली, गर्भाशयाच्या मुखाजवळ’ असे आले आहे. घरचे म्हणतात, सिझेरियनची तारीखच ठरवून टाका. दुसरा मार्ग नाही का?

उत्तर : तारखेची घाई इतक्यात करू नये. 20व्या आठवड्यात खाली दिसलेली वार बहुतेक वेळा पुढे वर सरकलेली आढळते. खरे तर ती जागची हलत नाही. गर्भाशयाचा खालचा भाग ताणला जातो आणि वारेची कड मुखापासून दूर जाते. म्हणून 32व्या आणि गरज पडल्यास 36व्या आठवड्यात हे अंतर पुन्हा मोजतात. ते 20 मिलिमीटरपेक्षा जास्त भरले, तर वारेसाठी सिझेरियन करण्याचे कारण सहसा उरत नाही. वार मुखावरच राहिली, तर मात्र मुख उघडू लागताच ती सुटून मोठा रक्तस्राव होऊ शकतो; अशा वेळी कळा सुरू होण्यापूर्वीच, साधारण 36 ते 37 आठवडे भरल्यावर, सिझेरियन करावे लागते. वार जुन्या व्रणावर बसून आत रुतलेली तर नाही ना, हेही आपल्या बाबतीत आवर्जून पाहून घ्यावे, कारण तसे असल्यास रक्ताची आणि अनुभवी पथकाची तयारी असलेलेच रुग्णालय निवडावे लागते.

पहिले सिझेरियन एवढे एकच कारण पुरेसे नाही. गर्भाशयावरचा छेद खालच्या भागात आडवा असेल, तर कळांमध्ये व्रण उसवण्याचा धोका साधारण 200 स्त्रियांमागे एकीला असतो. छेद वरच्या भागात उभा असेल, तर तो बराच वाढतो आणि सिझेरियनच ठरवतात. पोटावरचा व्रण पाहून आतला छेद कळत नाही, त्यामुळे मागच्या शस्त्रक्रियेचा कागद शोधून ठेवावा. पायाळूपणाचे कारण त्या बाळापुरते होते. या बाळाचे डोके खाली असेल, तर ते लागू नाही. (गळ्याभोवती नाळेचा वेढा दिसला म्हणून तारीख मागणारेही पुष्कळ भेटतात, नुसता वेढा हे कारण नव्हे.)

तातडीचे कारण नसताना ठरवलेले सिझेरियन 39 आठवड्यांपूर्वी सहसा करत नाहीत, कारण त्याआधी जन्मलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. मात्र मधल्या काळात थोडासाही रक्तस्राव झाला, मग पोटात दुखत नसले तरी, लगेच रुग्णालय गाठावे.