टायटॅनियमची मूठ, पावडर पोलादाचं पातं: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

प्रश्न: माझ्याकडे साधा घडीचा चाकू आहे. पार्सलं फोडायची, दोर कापायचा, क्वचित एखादं फळ चिरायचं, एवढंच काम. आता टायटॅनियमची मूठ आणि एम३९० पोलादाचं पातं असलेला एक चाकू मनात भरलाय. किंमत आताच्या चाकूच्या कितीतरी पट आहे. तो जास्त चांगला कापेल का?

नुसत्या त्या दोन नावांवरून सांगायचं तर नाही. चाकू कसा कापतो हे पात्याच्या घडणीवर ठरतं. धारेच्या लगेच मागे पातं किती जाड आहे, हे सगळ्यात आधी बघा. तिथली जाडी ०.३ मिलिमीटरच्या आसपास असेल, तर पातं जाड पुठ्ठ्यातून सरसर जातं. तीच ०.८ असेल, तर धार कितीही तेज असली तरी पहिला काप छान लागतो आणि पुढे पातं पुठ्ठ्यात अडकायला लागतं. सफरचंदावर हा फरक लगेच कळतो. पातळ पातं फोड कापतं, जाड पातं ती अर्ध्यावर कडकन उकलतं.

जाहिरातीत पोलादाचं नाव ठळक असतं, मुठीचं साहित्य त्याहून ठळक असतं आणि धारेमागची जाडी सहसा नसतेच. म्हणून विक्रेत्याला विचारा किंवा शक्य असेल तर कॅलिपर लावून स्वतः मोजा. तुमच्या कामाला पातळ घडणीचा, मध्यम पोलादाचा चाकू जाड घडणीच्या एम३९० पेक्षा जास्त सुख देईल, याची मला खात्री आहे.

प्रश्न: एस३०व्ही, एम३९०, मॅग्नाकट, व्हीजी-१०, १४सी२८एन… नावं वाचून डोकं गरगरतं. महागडं पोलाद म्हणजे नेमकं काय? आणि ते माझ्या उपयोगाचं आहे हे कसं ओळखायचं?

पात्याच्या पोलादाकडून आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात: धार टिकावी, टवके उडू नयेत आणि गंज चढू नये. एक वाढवायला गेलं की बहुधा दुसरी घटते. महागडी पोलादं ही ओढाताण सांभाळण्याचा प्रयत्न करतात आणि त्यातली बरीचशी पावडर पद्धतीने बनतात. नेहमीच्या पद्धतीत वितळलेलं पोलाद ओतून सावकाश थंड होतं, त्यामुळे त्यातले कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातू मिळून झालेले कठीण कण मोठे आणि विस्कळीत राहतात. पावडर पद्धतीत वितळलेल्या पोलादाचा प्रवाह वायूच्या झोताने फवारून त्याची भुकटी करतात आणि ती उष्णता व दाब देऊन पुन्हा एकजीव करतात. कण बारीक आणि सारखे पसरलेले राहतात. म्हणूनच त्यात भरपूर कार्बाइड घालूनही पातं ठिसूळ होत नाही.

आता आकडे. २००१ मध्ये आलेल्या एस३०व्हीत सुमारे १.४५ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. एम३९० मध्ये कार्बन १.९, क्रोमियम तब्बल २० आणि व्हॅनेडियम ४ टक्के. व्हॅनेडियमचे कार्बाइड फार कठीण असतात आणि धार टिकते ती मुख्यतः त्यांच्या जोरावर. पुठ्ठ्यासारख्या घासणाऱ्या मालावर हा गुण दिसतो. धार किती टिकते हे मोजणाऱ्या कॅट्रा चाचणीत चाकूला वाळूसारखं सिलिका मिसळलेला जाड कागद कापायला लावतात, तेही याच कारणाने. २०२१ मध्ये लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाचं मॅग्नाकट आलं. त्यात क्रोमियम जेमतेम १०.७ टक्के आहे, तरी ते गंजाला चांगलं तोंड देतं. कारण त्यातलं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून न पडता पोलादात मोकळं राहतं. चिवटपणा, धार आणि गंजरोध यांचा असा मेळ मला दुसऱ्या पोलादांत क्वचितच दिसतो.

पण हेच व्हॅनेडियम धार लावताना आडवं येतं. त्याचे कार्बाइड अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या नेहमीच्या दगडापेक्षाही कठीण असतात. दगड भोवतालचं पोलाद झिजवतो, कणांना मात्र नीट आकार देऊ शकत नाही. तुम्ही घासत राहता आणि धार गुळगुळीत, निसरडी होते, चावत नाही. अशा पात्याला हिऱ्याची पट्टी किंवा सीबीएनचा (क्युबिक बोरॉन नायट्राइड या फार कठीण पदार्थाचा) दगड हवा. तो घ्यायची आणि वापरायला शिकायची तयारी नसेल, तर पातं पहिल्यांदा बोथट झालं की चाकू खणात जातो.

आणि नावाआड लपणारी गोष्ट म्हणजे पोलादाला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून आणि थंड करून ते किती कठीण केलंय. एम३९० कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ६० ते ६२ ला ठेवलं तर ते आपले गुण दाखवतं. तेच ५७-५८ वर मऊ सोडलं, तर धार लवकर वाकते आणि तुम्ही पैसे दिलेलं पोलाद तुम्हाला मिळतच नाही. उत्पादक कठीणपणाचा आकडा उघडपणे देत असेल, तर मी त्याला झुकतं माप देतो.

निवड अशी करा. दिवसभर पुठ्ठा कापता आणि हिऱ्याची पट्टी आहे, तर एस३०व्ही किंवा एम३९० घ्या. घरच्या दगडावर पाच मिनिटांत धार लावायला आवडतं, तर १४सी२८एन घ्या. त्याचे कण बारीक आहेत, धार पटकन आणि फार तेज चढते आणि किंमतही आवाक्यात राहते. व्हीजी-१० या दोहोंच्या मध्ये बसतं.

प्रश्न: टायटॅनियमची मूठ जास्त मजबूत आणि हलकी असते ना?

पोलादाच्या मुठीपेक्षा हलकी, हो. टायटॅनियमची घनता साधारण ४.४, पोलादाची ७.८. पण बाजारातल्या बऱ्याच मुठी जी१० च्या म्हणजे काचेच्या धाग्याच्या आणि रेझिनच्या असतात. त्यांची घनता २ च्याही खाली. कार्बन फायबरची १.६ च्या जवळपास. त्यामुळे टायटॅनियमची भरीव मूठ अनेकदा जी१० पेक्षा जड निघते. आतून कोरून वजन कमी केलंय का, ते बघा. मजबुतीबद्दल सांगायचं तर खिशातल्या चाकूची जी१० ची मूठ मोडल्याची तक्रार फारशी ऐकू येत नाही. ओल्या हातात जी१० आणि मिकार्टाची (रेझिनमध्ये दाबलेल्या कापडाची) पकडही चकचकीत टायटॅनियमपेक्षा चांगली.

टायटॅनियमचा खरा उपयोग लॉकमध्ये आहे. ख्रिस रीव्ह यांनी रूढ केलेल्या फ्रेमलॉकमध्ये मुठीचीच एक बाजू चिरून तिची पट्टी स्प्रिंगसारखी वळवलेली असते. पातं उघडलं की ती आत सरकून पात्याच्या बुडाशी टेकते. टायटॅनियमला स्प्रिंगचा गुण चांगला असल्याने हे जमतं. अडचण एवढीच की टायटॅनियम पात्यापेक्षा बरंच मऊ असतं आणि पोलादाला चिकटतं. लॉक सोडताना अंगठ्याला चिकट खरखर लागते ती यामुळे. चांगले कारागीर पट्टीच्या टोकाला कठीण पोलादाचा तुकडा बसवतात. महागडा फ्रेमलॉक घेत असाल, तर हा तुकडा आहे का, हे बघाच.

प्रश्न: निळ्या-जांभळ्या रंगाचं टायटॅनियम, टिमास्कस (थरांचं नक्षीदार टायटॅनियम), काळं झिर्कोनियम, दमास्कस (थरांच्या नक्षीदार पोलादाचं) पातं… यांनी कामात काही फरक पडतो का?

कामात नाही, डोळ्यांना पडतो. टायटॅनियमचा तो रंग वरच्या पातळ ऑक्साइडच्या थरामुळे दिसतो. विजेचा दाब बदलला की थराची जाडी बदलते आणि रंगही. किल्ल्यांच्या सोबत खिशात राहिला तर तो घासला जाणारच. आवडतं म्हणून घ्या, त्यात कमीपणा नाही. मात्र ते जादा पैसे दिसण्याचे आहेत, एवढं माहीत असू द्या.

प्रश्न: चाकू हातात आल्यावर काय तपासायचं?

यावर मी हट्टी आहे, कारण खरी किंमत इथे वसूल होते. आधी चाकू मिटून उजेडासमोर धरा. पातं मुठीच्या दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध असावं. थोडं कलंडलेलं असेल तर मधला स्क्रू जरा सैल-घट्ट करून सुटतं, पट्टीला घासत असेल तर परत करा. मग उघडून मूठ पक्की धरा आणि पात्याच्या पाठीला चिमटीत धरून डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलवा. वर-खाली जरासुद्धा खडखड नको. लॉकची पट्टी पात्याच्या बुडाच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत टेकलेली असावी. अगदी कडेला टेकली असेल तर धोका, पार पलीकडे गेली असेल तर झिजायला जागाच उरली नाही. पात्याची पाठ टेबलावर आपटून लॉक तपासू नका, त्याने चांगलं लॉकही बिघडतं.

नंतर धारेवरचा कोन टाचेपासून टोकापर्यंत एकसारखा आहे का, हे भिंगातून पाहा. एका बाजूला धारेचा पट्टा रुंद आणि दुसरीकडे अरुंद दिसला, तर पोलाद कुठलंही असो, कामात घाई झाली आहे. आणि नामांकित चाकूंच्या नकला खूप निघतात. पात्यावर पोलादाचं नाव कोरणं कुणालाही जमतं. अधिकृत विक्रेता सोडून फार स्वस्तात मिळणारा असा चाकू मी घेणार नाही.

प्रश्न: पातं बेअरिंगवर फिरणारा चाकू घ्यावा की वॉशरवर फिरणारा?

बेअरिंगवर पातं झटकन उघडतं आणि ते फार सुखाचं असतं. पण धूळ, वाळू, लाकडाचा भुसा यांत काम असेल तर फॉस्फर ब्राँझचे वॉशर घ्या. कचरा गेला तरी ते चालत राहतात.

प्रश्न: घेतला तर ओरखडे पडतील या भीतीने मी तो वापरणारच नाही, असं घरचे म्हणतात.

ते बरोबर बोलत असतील तर घेऊ नका. संग्रह म्हणून घेणं ही वेगळी आणि चांगली आवड आहे, पण मग पोलादाच्या गुणांसाठी पैसे देतोय असं मनाला सांगू नका. वापरायचाच असेल, तर एक मधली वाट मला पसंत आहे: पातं उत्तम पोलादाचं, नीट पाणी दिलेलं, पातळ घडणीचं आणि मूठ साध्या जी१० किंवा मिकार्टाची. मुठीवर वाचलेल्या पैशातून हिऱ्याची पट्टी घ्या.

घेण्याआधी आपल्या भागातला कायदाही बघून घ्या. पात्याची लांबी, लॉक आणि एका हाताने उघडणं यांवर ठिकठिकाणी वेगळे निर्बंध आहेत. ब्रिटनमध्ये ३ इंचापर्यंतच्या धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकूच सबळ कारण नसतानाही जवळ बाळगता येतो. विमानात केबिनमध्ये तर नेऊच नका.

प्रश्न: मी बोटीवर काम करतो. खाऱ्या पाण्यासाठी महागडं साहित्य घ्यावं का?

तुम्ही जरूर घ्या. खाऱ्या पाण्यात डी२ सारख्या पोलादावर लगेच डाग धरतात. तुमच्यासाठी नायट्रोजनयुक्त एलसी२००एन किंवा मॅग्नाकट. टायटॅनियमची मूठ खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत तिचे पैसे खरंच कामाचे आहेत. फक्त स्क्रू, क्लिप आणि बेअरिंगचे गोळे कशाचे आहेत ते विचारा, कारण गंज आधी तिथेच धरतो. काम संपल्यावर चाकू उघडून गोड्या पाण्याने धुवा, पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मधल्या स्क्रूपाशी तेलाचा एक थेंब सोडा.