आफ्रिकन व्हायोलेटला पानं भरपूर येतात, पण वर्षभरात एकही फूल नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की रोप आणलं तेव्हा जांभळ्या फुलांनी भरलेलं होतं. ती फुलं गेल्यावर वर्षभर नुसती पानंच येताहेत. पानं हिरवीगार, लांब देठांची आणि वर उचललेली आहेत. कुंडी तुम्ही मुद्दाम मोठी घेतलीत, पाणी रोज थोडं थोडं घालता. शेजारचा ग्लोक्सिनिया फुलून झाल्यावर सुकत चाललाय, तो टाकून द्यायचा का, हेही विचारलंय.

ग्लोक्सिनिया टाकू नका, तो जिवंत आहे. त्याबद्दल पुढे सांगते, आधी व्हायोलेट.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ‘वर उचललेली पानं’. पुरेसा उजेड मिळणाऱ्या व्हायोलेटची पानं आडवी पसरतात आणि वरून पाहिलं की ताटलीसारखा गोल, सपाट घेर दिसतो. उजेड कमी पडला की देठ लांबतात आणि पानं वर उठतात. उजेड फार झाला तर याच्या उलट होतं: पानं कुंडीच्या काठावरून खाली वळतात, रंग फिका पडतो, मधली पानं आखूड आणि दाट राहतात. त्यामुळे उजेड मोजायला उपकरण लागत नाही, पानांकडे पाहिलं की कळतं. तुमच्या रोपाला उजेड कमी पडतोय, हे मी खात्रीनं सांगू शकते.

आता रोप हातात घ्या आणि एखादं पान हळूच बाजूला करून देठ खोडाला जिथे मिळतो तिथे बघा. व्हायोलेटची कळी याच बेचक्यात धरते, दुसरीकडे कुठेही नाही. एका बेचक्यात एकदा फुलांचे दांडे येऊन गेले की तिथे सहसा पुन्हा येत नाहीत. पुढची फुलं येतात ती वर नव्यानं फुटलेल्या पानांच्या बेचक्यात. हे एकदा लक्षात आलं की व्हायोलेटची सगळी निगा आपोआप समजते. रोपाला फुलवायचं म्हणजे त्याला न थांबता नवी पानं करत ठेवायचं आणि त्या प्रत्येक पानाच्या वेळी कळी धरण्याइतका उजेड त्याच्यापाशी असू द्यायचा. तुमच्याकडे पहिली गोष्ट होतेय, दुसरी होत नाहीये. वर्षभरात आलेल्या पानांचे बेचके रिकामे गेले, एवढंच झालंय. रोपात दोष काही नाही.

उजेडासाठी पूर्वेची खिडकी सगळ्यात सोयीची. सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि उरलेला दिवस स्वच्छ उजेड. दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीत पातळ पडदा हवाच, कारण दुपारच्या उन्हानं केसाळ पानांवर तपकिरी डाग पडतात. खिडकीपासून आत दोन पावलं सरकलं तरी उजेड किती झपाट्यानं उतरतो हे आपल्या डोळ्यांना जाणवत नाही. रोपाला मात्र तो फरक फार मोठा असतो. खिडकी नसेल तर साधी पांढरी एलईडी नळीही चालते. रोपाच्या वर साधारण २५ ते ३० सेंटीमीटरवर लावा आणि रोज १२ तास चालू ठेवा. दिवा रात्रभर मात्र चालू ठेवू नका, रोपाला ७-८ तास काळोख मिळायलाच हवा. खिडकीत ठेवलं असेल तर दर आठवड्याला कुंडी पाव वेढा फिरवा, नाहीतर घेर एका बाजूला कलतो. रोप एकदम प्रखर उजेडात नेऊ नका, दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं न्या.

मोठ्या कुंडीचा हेतू चांगला होता, पण या रोपाला ती मानवत नाही. कारण त्याच्या मूळ जागेत सापडतं. हे रोप पूर्व आफ्रिकेतलं, आजच्या टांझानिया आणि केनियाचं. उसांबाराच्या डोंगरांत आणि आसपासच्या जंगलांत ते सावलीतल्या खडकांवर, शेवाळाच्या पातळ थरात वाढतं. १८९२ साली वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर या जर्मन अधिकाऱ्यानं ते तिथे गोळा करून जर्मनीला वडिलांकडे पाठवलं, आणि पुढच्याच वर्षी हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन बागेतल्या हरमान वेंडलंड यांनी त्याला सेंटपॉलिया हे नाव दिलं. खऱ्या व्हायोलेटशी त्याचं नातं नाही. ते ग्लोक्सिनियाच्याच कुळातलं आहे. खडकावरच्या चिमूटभर मातीत जगणाऱ्या या रोपाची मुळं बारीक आणि उथळ असतात. खोल कुंडीतली खालची माती मुळं पोचेपर्यंत ओलीच राहते, तिथे हवा उरत नाही आणि मूळकूज सुरू होते. म्हणून कुंडीचा व्यास रोपाच्या घेराच्या एक तृतीयांश ठेवतात. २४ सेंटीमीटर घेराच्या रोपाला ८ सेंटीमीटरची उथळ कुंडी पुरते. बघायला विचित्र वाटतं, कुंडी पानांखाली पार दिसेनाशी होते, पण मुळं थोडी दाटली की रोप फुलायला लागतं.

बागेतली माती यात अजिबात घालू नका, ती दाबून बसते. पीट मॉस किंवा कोकोपीट, परलाइट आणि वर्मिक्युलाइट (हे दोन्ही माती भुसभुशीत ठेवणारे हलके खनिज दाणे) समप्रमाणात घेतलं की काम होतं. कोकोपीट असेल तर आधी दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, त्यात क्षार असतात.

पाण्याच्या बाबतीत ‘रोज थोडं’ ही सवय सोडावी लागेल. वरचा थर बोटाला कोरडा लागला आणि कुंडी उचलून हलकी वाटली की पाणी द्यायचं, आणि मग पूर्ण द्यायचं. बशीत पाणी ठेवून कुंडी अर्धा तास त्यात ठेवा, उरलेलं ओतून टाका. इथे एक फसगत होते: मुळं कुजलेली असली की रोप पाणी ओढू शकत नाही आणि पानं मरगळतात. ती पाहून माणूस आणखी पाणी घालतो. पानं मरगळलेली आणि माती ओली असं दिसलं तर पाणी थांबवा आणि रोप उपसून मुळं बघा. निरोगी मुळं पांढरी असतात, कुजलेली तपकिरी आणि मऊ.

पानांवर पाणी पडलं की रोप मरतं असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. अपाय होतो तो गार पाण्यानं. पानापेक्षा बरंच थंड पाणी पडलं की त्या जागचं हरितद्रव्य नष्ट होतं आणि पिवळट-पांढऱ्या कड्या उमटतात, त्या पुन्हा भरून येत नाहीत. खोलीच्या तापमानाचं पाणी वापरलंत तर पानांवरची धूळ खुशाल धुवा. फक्त मधल्या शेंड्यात साचलेलं पाणी कागदानं टिपा आणि पानं वाळेपर्यंत रोप उन्हात ठेवू नका.

बाहेर जाणं जास्त होत असेल तर वातीची पद्धत मला सगळ्यात विश्वासाची वाटते. लोकरीसारखा दिसणारा ॲक्रिलिक धागा कुंडीच्या भोकातून मातीत वरपर्यंत न्यायचा आणि खालचं टोक झाकण असलेल्या डब्यातल्या पाण्यात सोडायचं. सुती धागा कुजतो, तो नको. या पद्धतीत मिश्रणात निम्मं परलाइट हवं, नाहीतर माती चिखलासारखी राहते. महिन्यातून एकदा वरून साधं पाणी ओतून क्षार धुऊन काढा. कुंडीच्या काठावर पांढरी पापडी दिसत असेल तर ती क्षारांचीच असते, आणि त्या काठाला टेकलेले देठ तिथेच काळे पडून गळतात.

खताचं थोडक्यात. नत्र जास्त झालं तर पानं माजतात, फुलं मागे पडतात. पाकिटावरचे नत्र, स्फुरद, पालाश हे तिन्ही आकडे सारखे असलेलं पाण्यात विरघळणारं खत ४ लिटर पाण्यात पाव चहाचा चमचा, एवढ्या पातळ प्रमाणात, पाणी देताना वापरा. एकदम जोरकस डोस देण्यापेक्षा हे केव्हाही बरं. कळ्या येण्यासाठी केवळ खत वाढवून काही साधत नाही.

आता घेर. खालची म्हातारी पानं फुलून गेलेली असतात, ती पिवळी पडण्याची वाट न पाहता खोडापासून बाजूला मोडा. बेचक्यांतून फुटवे निघतात, तेही काढा, कारण एका शेंड्याचं रोपच नीट फुलतं. फुटवा आणि कळी सुरुवातीला सारखीच दिसते. चार पानं दिसायला लागली की तो फुटवा असतो. तोपर्यंत थांबा, नाहीतर हातानं कळी खुडली जाईल.

खालची पानं जात राहिली की वर्षभरात खोडाचा उघडा बुंधा दिसायला लागतो. तुमच्या रोपालाही तो असणार, आणि तुम्हाला कुंडी बदलायचीच आहे तर दोन्ही कामं एकदम उरका. मी असं करते: रोप कुंडीतून सोडवते आणि सुरीच्या बोथट बाजूनं उघड्या खोडावरचे वाळलेले खरबुडे हलक्या हातानं खरवडते, खालून हिरवट साल दिसेपर्यंत. मग उघडं खोड जेवढं लांब असेल तेवढाच मुळांच्या गठ्ठ्याचा तळ कापून टाकते. आता रोप वर सांगितलेल्या छोट्या कुंडीत बसतं, फक्त खालच्या पानांचे देठ कुंडीच्या काठाशी येतील इतकं खाली. भोवती मिश्रण भरायचं, दाबायचं नाही. बेताचं पाणी देऊन रोप दोन-तीन आठवडे पारदर्शक पिशवीत ठेवायचं, पानं बाष्पात टवटवीत राहतात. खरवडलेल्या खोडातून नवी मुळं फुटतात आणि जुनं रोप पुन्हा तरणं दिसायला लागतं. मुळं कापताना जीव कचरतो, पण व्हायोलेट हे फार छान सोसतं.

काढलेल्या पानांपैकी मधलं एखादं चांगलं पान टाकू नका. देठ ३ सेंटीमीटरचा ठेवून तिरका कापा, ओलसर मिश्रणात जेमतेम उभा राहील एवढाच खोचा आणि झाकून उजेडात ठेवा. सहा ते दहा आठवड्यांत देठाच्या पायथ्याशी उंदराच्या कानाएवढी पिल्लं वर येतात. ती आईपानाच्या तृतीयांश झाली की वेगळी करा. पाकळ्यांवर मधून कडेपर्यंत पट्टे असलेल्या ‘कायमेरा’ जाती मात्र पानापासून तशाच येत नाहीत. त्यांचा फुटवा किंवा फुलाचा दांडा लावावा लागतो.

आता ग्लोक्सिनिया. याला मातीखाली कंद असतो. फुलून झालं की पानं पिवळी पडतात आणि तो झोपतो, मूळच्या ब्राझीलमध्येही त्याला विश्रांती लागते. पाणी हळूहळू कमी करा, पानं वाळली की कापा, कुंडी सावलीत ठेवा. कंद सुरकुतू नये म्हणून अधूनमधून माती नुसती ओलसर करा. दोन-चार महिन्यांत कोंब दिसला की ताज्या मिश्रणात, कंदाचा वरचा भाग जेमतेम झाकेल असा लावा. त्याआधी खत नको.

पुढे याच कुळातलं आणखी काही घ्यायचं असेल तर माझं मत स्ट्रेप्टोकार्पसला. आता वनस्पतिशास्त्रज्ञ सेंटपॉलियाही त्याच प्रजातीत धरतात, पण वागणं वेगळं आहे: स्ट्रेप्टोकार्पसच्या एकाच पानाच्या पायथ्यातून पाठोपाठ अनेक दांडे येतात. त्याला गारवा आवडतो, कडक उष्म्यात तो मान टाकतो. पानांची टोकं तपकिरी पडली तर घाबरू नका, तेवढा भाग कापायचा. घर उबदार आणि दमट असेल तर एपिशिया घ्या. पानंच इतकी देखणी असतात की फुलांची घाई वाटत नाही. थंडी मात्र त्याला मुळीच खपत नाही.

नवं रोप घरात आणलं की महिना-दीड महिना बाकीच्यांपासून दूर ठेवा. मधली पानं आखडून राखाडी, केसाळ, घट्ट दिसायला लागली तर ते सायक्लेमेन कोळी (माइट, अगदी सूक्ष्म कीड) असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि शेजारच्या रोपांत फार लवकर पसरतात. असं रोप पिशवीत बांधून टाकून देणं मी पसंत करते. पाकळ्यांवर पिवळी पूड सांडलेली दिसली तर फुलकिडे आहेत, कारण व्हायोलेटचे परागकण आपणहून असे सांडत नाहीत. सगळी फुलं आणि कळ्या लगेच खुडा, मग औषधाचं बघा. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण, तो स्पिरिटमध्ये बुडवलेल्या काडीनं एकेक टिपता येतो.

तुमच्या रोपाची जागा या आठवड्यात बदला, बुंध्याचं आणि कुंडीचं काम ते तिथे रुळल्यावर करा. नव्या उजेडात फुटलेलं पान पुरतं मोठं व्हायला वेळ लागतो, म्हणून कळ्यांसाठी दोन-तीन महिने धरा. तोवर आलेली नवी पानं आखूड देठांची आणि आडवी येताहेत का, तेवढं बघत राहा.