'फादर' कोण आणि 'पाद्री' कोण?

प्रश्न असा आहे: १८१०-११च्या सुमारास बोस्टन आणि लंडनच्या मिशनरी संस्थांमध्ये जो पत्रव्यवहार झाला, त्याचा अनुवाद करताना पत्रलेखकांना 'फादर' म्हणावं की 'पाद्री'?

'फादर' तर मुळीच नको. परवाच एका भाषणात 'फादर नारायण वामन टिळक' ऐकलं आणि कान किटले. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट, ते रेव्हरंड. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स हे फादर, कारण ते जेझुइट, म्हणजे कॅथलिक पंथातल्या एका संघाचे. लक्ष्मीबाईंच्या यजमानांना 'फादर' म्हणताना जीभ जरा तरी अडखळायला हवी!

आता 'पाद्री'. आमचे एक संस्कृतनिष्ठ स्नेही तो 'पाद'वरून काढतात: पायी हिंडणारा तो पाद्री. काढोत बापडे. 'पाद' हा इंग्रजी 'फूट'चा भाऊबंद, 'फादर'चा नव्हे. 'पाद्री' आला पोर्तुगीज 'पाद्रे'वरून, तो लॅटिन 'पातेर'वरून, आणि 'पातेर' म्हणजे आपला 'पितृ'! फारसी 'पिदर' त्याच घरातला. इंग्रजीत मूळच्या 'प'चा 'फ' झाला, म्हणून 'फादर'. म्हणजे तुम्ही ज्या दोन शब्दांत निवड करायला निघालात, तो एकच शब्द आहे; एक गोव्याच्या वाटेने आला, दुसरा इंग्रजीतून.

शेवटच्या 'री'बद्दल माझी एक उपपत्ती आहे. 'पाद्रे'चं 'पाद्री' झालं ते पुजारी, वारकरी, माळकरी यांच्या पंगतीत बसून. धर्माशी संबंधित माणूस 'री'कारान्त असण्याची कानाला सवयच होती. हिंदीतही 'पादरी' आहे, मग मराठीचं श्रेय कसलं, असं कोणी विचारेल. हिंदीतही पुजारी आहेतच की! इथे आल्यावर शब्द पंथ विसरला आणि प्रॉटेस्टंटही बिनतक्रार 'पाद्रीसाहेब' झाले.

आता गंमत पाहा. १८१०मध्ये जडसन, नॉट, मिल्स आणि न्यूवेल या चार विद्यार्थ्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॅडफर्डच्या धर्मसभेला अर्ज केला: आम्हांला परदेशी जायचंय, पाठबळ इथल्या संस्थेचं मिळेल, की युरोपातल्या संस्थेच्या हाताखाली जावं? त्यात हे कट्टर प्रॉटेस्टंट सभेतल्या ज्येष्ठांना चक्क 'रेव्हरंड फादर्स' म्हणतात! तिथे तो शब्द वडीलधाऱ्यांचा आहे, पदवीचा नाही. त्यातूनच अमेरिकन बोर्ड, म्हणजे बोस्टनची ती मिशनरी संस्था, निघालं. १८११मध्ये बोर्डाने दोघांना मिळून काम चालवता येईल का, हे विचारायला जडसनला लंडन मिशनरी सोसायटीकडे पाठवलं, तर वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडलं आणि स्वारी तुरुंगात. सुटून तो लंडनला पोचला. लंडनकर म्हणाले, माणसं घेऊ, पण कारभार दोघांचा सामायिक नको. मग बोर्डाने स्वतःच खर्च उचलला, आणि त्या चौघांतला नॉट १८१३च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉलबरोबर मुंबईला उतरला.

तेव्हा त्या अर्जात 'पूज्य वडीलजनहो' लिहा. लिहिणारे चौघे त्या वेळी नुसते विद्यार्थी होते; त्यांना पाद्रीही म्हणू नका.