पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नाही, दोष कुणाचा?

प्रश्न: ताई, आठवीपर्यंत सगळ्यांना पास करायचा नियम आला आणि देशातल्या शाळांचा दर्जा घसरला असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. पूर्वीसारखं नापास करायला लागले तर सुधारेल ना? – एक पालक

उत्तर: मला तरी तसं वाटत नाही. हा नियम ज्या शिक्षण हक्क कायद्यात आला तो कायदा लागू झाला 1 एप्रिल 2010 ला, आणि शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचा ‘असर’ नावाचा सर्व्हे 2005 पासून खेड्यापाड्यात घरी जाऊन मुलांना वाचायला देतोय, त्यात 2008 सालीसुद्धा पाचवीतल्या 40 टक्क्यांहून जास्त मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नव्हता. पुढे वाचता येणाऱ्यांचं प्रमाण आणखी खाली गेलं हे खरंय, पण दुखणं आधीचंच आहे.

माझ्या मते मूळ कारण म्हणजे पोर्शन संपवायची घाई. पहिली-दुसरीत ज्याचं वाचन कच्चं राहिलं तो तिसरीत गेला की पुस्तक त्याला सोडून पुढे जातं, तिकडे भागाकार सुरू होतो आणि याला अजून हातच्याची वजाबाकी जमत नाही, बाई तरी काय करणार, कित्येक ठिकाणी दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत, देशात लाखभर शाळा तर एकशिक्षकी, तो एक शिक्षक मीटिंगला गेला की त्या दिवशी शिकवणं बंदच. त्यात निवडणुका, जनगणना, पोर्टलवर माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशोब.

कायद्याचं कलम 24 एकदा वाचाच. अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हटलंय, आणि लगेच पुढे प्रत्येक मुलाची पातळी बघून लागेल तसं जादा शिकवणं हेही म्हटलंय. तपासणीला साहेब आले की पहिल्याचीच चौकशी होते, कुठपर्यंत आलात म्हणून, दुसऱ्याबद्दल कोणी विचारत नाही आणि मला याचाच फार राग येतो.

नापास करायचं म्हणाल तर 2019 च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीसाठी ती मुभा राज्यांना दिलीच आहे. पण ज्याला अक्षरंच लागत नाहीत त्याच्यासमोर तेच पुस्तक आणखी एक वर्ष ठेवून काय होणार? त्यापेक्षा रोज थोडा वेळ इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करून वाचन-गणित घेतलं तर मुलं भराभर पुढे येतात, प्रथमने हे बऱ्याच राज्यांत केलंय आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या नोबेल मिळवलेल्या अर्थतज्ज्ञांच्या टीमने ते तपासूनही बघितलंय.

आणि तुम्ही पालक आहात ना, मग शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के जागा पालकांच्याच असतात. पुढच्या मीटिंगला पोर्शन किती झाला हे विचारू नका, तिसरीतल्या किती मुलांना वाचता येतं ते विचारा.