चंद्रावरचे हेलियम-३ आणि पृथ्वीवरची वीज

प्रश्न : चंद्राच्या मातीतील हेलियम-३ (हेलियम वायूचा हलका प्रकार) हे इंधन पृथ्वीवर आणले, तर अणुसंमीलनाद्वारे (हलकी अणुकेंद्रके एकत्र जोडून) आपली विजेची गरज दीर्घकाळ भागेल, असे वाचनात येते. हे व्यवहार्य आहे का?

उत्तर : माझ्या मते, वीजनिर्मितीसाठी नाही.

चंद्रावर हेलियम-३ आहे, याबद्दल मात्र शंका नाही. तेथे दाट वातावरण नाही आणि पृथ्वीसारखे चुंबकीय कवचही नाही, त्यामुळे सौरवाताबरोबर, म्हणजे सूर्याकडून वाहणाऱ्या कणांच्या प्रवाहाबरोबर, येणारे हे अणू अब्जावधी वर्षे थेट मातीत रुतत आले आणि अपोलो मोहिमांनी आणलेल्या नमुन्यांत ते सापडले. अपोलो-१७ मधून १९७२ साली चंद्रावर उतरलेले भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट यांनी या खाणकामाचा हिरिरीने पुरस्कार केला आहे.

अडचण प्रमाणाची आहे. इल्मेनाइट या टायटॅनियमयुक्त खनिजाने समृद्ध असलेल्या भागांतही अब्ज भाग मातीत हेलियम-३ चे दहा-वीस भागच असतात. दहा भाग धरले, तरी एक किलो वायूसाठी किमान एक लाख टन माती उकरून ती सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागेल. एक किलो हेलियम-३ चे ड्यूटेरियमशी (हायड्रोजनच्या जड प्रकाराशी) संपूर्ण संमीलन झाल्यास सुमारे १६ कोटी युनिट ऊर्जा मिळते. ती या मातीवर विभागली, तर टनामागे जेमतेम १,६०० युनिट पडतात, म्हणजे आपल्या औष्णिक वीजकेंद्रांतील साधारण कोळशाच्या एका टनातून मिळणाऱ्या उष्णतेच्या सुमारे एक तृतीयांश. ज्याला चंद्रावरचा खजिना म्हटले जाते, तो इतका विरळ आहे, हे या चर्चेत फारसे कोणी सांगत नाही, याचे मला वाईट वाटते.

शिवाय ते वापरण्याजोगी भट्टीच अजून नाही. फ्रान्समध्ये कादाराश येथे भारताच्याही भागीदारीने उभारला जात असलेला आयटर हा प्रायोगिक संमीलन प्रकल्प ड्यूटेरियम आणि ट्रिटियम (हायड्रोजनचा आणखी जड प्रकार) यांच्या तुलनेने सोप्या संमीलनासाठी आहे, आणि त्यालाच सुमारे १५ कोटी अंश तापमान लागते. हेलियम-३ साठी त्याच्या काही पट लागेल. त्या तापमानाला ड्यूटेरियमचे अणू आपापसांतही संमीलित होऊन न्यूट्रॉन बाहेर टाकतात आणि ते भट्टीचे भाग किरणोत्सारी करतात, त्यामुळे हे इंधन पूर्णपणे किरणोत्सारमुक्त असल्याचा दावाही टिकत नाही. याच अभिक्रियेतून हेलियम-३ तयार होते, म्हणजे तशी भट्टी साधलीच, तर समुद्राच्या पाण्यातील ड्यूटेरियमपासून ते इथेच मिळवता येईल.

क्वांटम संगणकांची अतिशीत उपकरणे आणि न्यूट्रॉन शोधक यांसाठी मात्र हा वायू आजही थोड्या प्रमाणात आणि मोठ्या किमतीला विकत घेतला जातो. तेवढ्या गरजेपुरता चंद्रावरील खाणकामाचा हिशेब मांडून पाहण्यास हरकत नाही.